अठ्ठाविसाच्या आधी एक तारीख

बोरी अरबच्या कापूस खरेदी केंद्रावर दीनानाथ हुद्दार नावाचा गेटबाबू होता. रांगेत त्याचा सख्खा भाऊ कापसाची बैलबंडी घेऊन आला असता, तरी त्यानं त्याला शेपटाला नेऊन उभं केलं असतं. आता सख्खा भाऊ त्याला नव्हता, ही गोष्ट वेगळी. चुलतही नव्हता. कळंबला शाळा झाली, आईबाप गेले, लग्न जमता जमता दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा जमवायला कोणी बसलंच नाही. मग राहिली ती नोकरी आणि पिठाच्या गिरणीमागची एक खोली.

गेटबाबूचं काम ऐकायला सोपं. दिवाळी सरली की तीस-चाळीस गावांच्या बंड्या कापूस भरून केंद्राकडं निघायच्या. यार्डात वजनाचा काटा एक, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर एक, आणि बंड्या दोनशे. कोण आधी आलं, कोण मागून आलं, ते लिहायचं आणि त्याच क्रमानं काट्यावर सोडायचं. झालं. पण ज्या रांगेत माणूस कडाक्याच्या थंडीत पाच-पाच दिवस बंडीखाली झोपतो, त्या रांगेत एक नंबर इकडचा तिकडं झाला की तुतारीची टोचणी बैलाला नाही, माणसाला बसते. दीनानाथच्या सव्वीस वर्षांत ती कोणाला बसली नाही.

एकदा काय झालं, एक जण तुपाचा डबा घेऊन आला. "बाबू, घरचं हाय, नाई म्हनू नोका." दीनानाथनं नाही म्हटलंच नाही. डबा घेतला, तडक रांगेच्या तोंडाशी गेला आणि ओरडला, "या भाऊले पुढं जायचं हाये, म्हनून तूप वाटून राह्यला. ज्याले चालते त्यानं भाकर पुढं करा!" चाळीस बंड्यांच्या भाकरी तुपानं माखल्या. डबेवाला जागच्या जागी राहिला आणि रिकामा डबा घेऊन चार दिवसांनी घरी गेला. दुसऱ्या वर्षी तोच माणूस रांगेत लोकांना हा किस्सा स्वतःच रंगवून सांगत होता. आणखी एकदा एक जमादार वर्दीत आला, सासऱ्याची बंडी घेऊन. नंबर पडला एकशे बारा. "मी जमादार आहे," तो म्हणाला. दीनानाथनं वहीत वाकून लिहिलं, आणि मोठ्यानं वाचलं, "एकशे बारा, जमादार." असे किस्से कितीतरी आहेत, सांगत बसलं तर कापूस यार्डातच पिवळा पडेल.

खरी गोष्ट होती सकाळची. सहा वाजता, तोंडातून वाफ निघत असायची तेव्हा, बगलेत वही मारून दीनानाथ रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. एकेकाला नावानं हाक मारायचा. कोणाचा बैल लंगडतो, कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे आले होते, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं त्याला ठाऊक. एरवी शहरी मराठी बोलणारा हा माणूस रांगेत शिरला की त्याची जीभ आपोआप वऱ्हाडीकडं वळायची. लोकांना वाटायचं, बाबू आपली हजेरी घेतो. त्याला वाटायचं, आज आपली हजेरी लागली.

कारण मार्च उजाडला की यार्ड मोकळं. मग आठ महिने कुंपणाला अडकलेला कापूस आणि दीनानाथ. खोलीत चहा करायचा तर एका कपाचा बुडाला लागतो, म्हणून तो दोन कपांचा करायचा. एक गरम प्यायचा. दुसरा तासाभरानं, थंड.

त्या रांगेत त्याचा एक सोबती होता, धरमसिंग आडे, दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा. ओळख झाली ती भांडणातून. एकोणीस वर्षांपूर्वी धरमसिंग पहिल्यांदा बंडी घेऊन आला, रांगेत मधे फट दिसली, घुसला. दीनानाथनं बैलाच्या कासऱ्याला धरून त्याला पार मागं नेलं. साठ बंड्या मागं! दुसरा असता तर आईबहीण काढली असती. धरमसिंग बैल सोडता सोडता हसला. "मांगं तं मांगं, बाबू. पन आता येवढं चालले माह्यासंग, तं जेवून जा."

दीनानाथ जेवला. जोंधळ्याची भाकर, मिरचीचा ठेचा, आणि वांग्याचं काही तरी. तेव्हापासून दर हंगामात, धरमसिंगची बंडी रांगेत असेल तितके दिवस, दुपारचं जेवण त्या बंडीच्या सावलीत. वर्षातून चार-पाच दिवस. तेवढेच दिवस दीनानाथच्या समोर बसून कोणी जेवायचं. एकोणीस वर्षांत धरमसिंगनं एकदाही "बाबू, जरा पुढं" असं म्हटलं नाही, आणि दीनानाथनं एकदाही त्याला अर्धं चाक पुढं घेतलं नाही. दोघांची दोस्ती ह्याच्यावरच उभी होती म्हणा ना.

मग आलं दोन हजार चारचं साल. कापूस असा पिकला की ठेवायला घर पुरेना, आणि खाजगीत भाव असा पडला की सगळ्यांची तोंडं एकाच केंद्राकडं वळली. रांग यार्डातून रस्त्यावर, रस्त्यावरून नाल्यापर्यंत गेली. वरच्या लोकांनी ठरवलं, आता वही नाही, कॉम्प्युटर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेटजवळ टिनाची केबिन उभी राहिली, तिला काच लागली, आणि यवतमाळहून मिताली नावाची प्रोग्रॅमर यंत्र बसवायला आली. पोरगी हुशार, बोलायला मोकळी. दोन दिवसांत तिनं दीनानाथला सगळं शिकवलं. बंडी आली की नाव, गाव, तारीख भरायची, पावती छापायची. सकाळी साडेसातला एक बटण दाबायचं. मग यंत्र स्वतःलाच सवाल विचारतं: ज्यांचं वजन अजून झालं नाही, त्यांच्यातले सगळ्यांत आधी आलेले चाळीस कोण? आणि उत्तर कागदावर छापून बाहेर देतं. ह्या सवालाला ती क्वेरी म्हणायची.

घोटाळा झाला पहिल्याच दिवशी, पावतीवर. सात डिसेंबर होता. बाबाराव नावाचे एक शेतकरी, जिभेला धार असलेले गृहस्थ, पावती हातात घेऊन काचेशी आले.

"बाबू, बारा जुलै लिवलं हो याच्यावर. जुलैत तं पिकात डवरे चालते. मी काय जुलैपासून उभा आहो का इथं?"

मागचे सगळे हसले. यंत्र महिना आधी छापत होतं, दिवस नंतर. दीनानाथ मितालीला म्हणाला, "बाई, आमच्या माणसाला दिवस आधी लागतो. तसं करून दे."

"काका, मग मला तो रकाना तारखेचा न ठेवता नुसत्या अक्षरांचा करावा लागेल. तुम्ही जसं लिहाल तसं राहील. पण ती तारीख आहे हे यंत्राला कळणार नाही."

"माणसाला कळलं म्हणजे झालं."

तिला साडेतीनची गाडी पकडायची होती. तिनं करून दिलं. बाबारावांना नवी पावती मिळाली, सात, बारा, दोन हजार चार. सगळे खूश. दीनानाथ सगळ्यांत जास्त.

आणि यंत्र चाललंही झकास. चार आठवडे एक नंबर चुकला नाही. पण केंद्राच्या साहेबांचा हुकूम होता, केबिन सोडायची नाही. कापसाचा तूस यंत्रात जातो, दार बंद ठेवायचं, कोणी हात लावला तर जबाबदारी तुमची. म्हणून सकाळचं चालणं बंद झालं. यादी फळ्यावर लागायची, लोक वाचायचे, ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा सांगायचा. काचेला एक अर्धगोल भोक होतं, त्यातून पावत्या घेणारे हात यायचे. दीनानाथला आता हात ओळखू येऊ लागले. चेहरे काचेवरच्या तुसात पुसट दिसायचे.

अठ्ठावीस डिसेंबरला त्या भोकातून एक हात आला, करंगळी वाकडी. धरमसिंग! दीनानाथनं वाकून पाहिलं. मागून लोक ढकलत होते. "भेटतो," एवढंच तो म्हणाला, आणि पावती दिली.

एक जानेवारी शनिवारी आली. रविवारी काटा बंद असायचा, पण गेटवर नोंदी चालूच. सोमवारी, तीन तारखेला, दीनानाथनं साडेसातला बटण दाबलं, कागद बाहेर आला, त्यानं तो न वाचताच फळ्यावर टाचला आणि आत येऊन दार लावून घेतलं. वहीचे दिवस असते तर चाळीसही नावं त्याच्या हातून लिहिली गेली असती, आणि दुसऱ्या नावाला हात थांबला असता.

पाच मिनिटांनी बाहेर गलका झाला. बाबाराव यादी वाचत होते. बाबारावांचा आवाज असा की त्याला भोंगा लागत नाही.

"ऐका रे! पहिला नंबर, एक जानेवारीचा. दुसरा, एक जानेवारीचा. दहावा, एक जानेवारीचा. एकोनतीसपासून दोन जानेवारीचे. काल संध्याकाळी आला तो चाळिसावा! आन् आपन? आपन अठ्ठावीस डिसेंबरचे, एकोनतीसचे, तीसचे, एकतीसचे... आपन या यादीत नाईच! आपन मेलो वाट्टे!"

आणि नशीब पाहा कसं. पहिल्या चाळिसांत एका पुढाऱ्याच्या साडूचे दोन ट्रॅक्टर होते. मग काय विचारता!

लोक केबिनीशी आले. काचेवर तळवे आपटले. "बाबू, बाहेर निंघा!" "सव्वीस वर्स काढले, आता शेवटी शेवटी काहून पैसे खाल्ले?" "तूप नाई, आता ट्रॅक्टर लागते बाबूले!"

दीनानाथनं भोकाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "यादी कॉम्प्युटरनं काढली. मी नाही."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. आजवर ह्या माणसाच्या तोंडून "मी नाही" कोणी ऐकलं नव्हतं. लोक काचेपासून दोन पावलं मागं सरले. साहेबांनी येऊन निकाल दिला, "यादी लागली ती लागली. काटा थांबवला तर ग्रेडर निघून जाईल. चालू द्या." कोणी थुंकलं, कोणी शिवी दिली, आणि जानेवारीच्या गाड्या काट्याकडं सरकू लागल्या.

गर्दी पांगली तेव्हा पलीकडच्या कडूनिंबाखाली धरमसिंग दिसला. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि सरळ काचेकडं पाहत होता. आला नाही, ओरडला नाही. दीनानाथनं मान खाली घातली. त्याला वाटलं, आधी चूक शोधू, मग ताठ मानेनं जाऊ.

दिवसभर तो नोंदी उलटसुलट करत बसला. तारखा लागत होत्या एक-एक, दोन-एक, मग एकदम अठ्ठावीस-बारा. यंत्र वर्षच विसरलं की काय? पाचला काटा बंद झाला तसा तो चौकातल्या फोनच्या बूथवर गेला आणि मितालीला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली,

"काका, त्या रकान्यात अक्षरं आहेत ना, तारीख नाही. शब्दकोशात शब्द कसे लावतात? आधी पहिलं अक्षर पाहतात. 'एक तारीख' आपण शून्य-एक अशी लिहितो, पहिलं अक्षर शून्य. अठ्ठाविसाचं पहिलं अक्षर दोन. शून्य लहान. झाला निकाल! पुढं महिना कुठला, वर्ष कुठलं, हे पाहायला यंत्र थांबतच नाही."

"मग डिसेंबरभर बरोबर कसं चाललं?"

"महिना आणि वर्ष सगळ्यांचं सारखंच होतं, काका. तुलना नुसत्या दिवसाची होत होती. महिना बदलला तशी चूक बाहेर आली. मी नीट समजवायला पाहिजे होतं तुम्हाला."

"तू सांगितलं होतंस, बाई," दीनानाथ म्हणाला. "मीच म्हटलं, माणसाला कळलं म्हणजे झालं." मग बूथच्या काचेवर त्यानं बोटानं काही तरी लिहून पाहिलं आणि विचारलं, "वर्ष आधी लिहिलं तर? मग महिना, मग दिवस? मग अक्षरं म्हणून लावली तरी दोन हजार चार आधीच येईल की."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "काका, माझी नोकरी तुम्हीच करा! अगदी हेच. शून्यं भरून आकडे सारखे ठेवायचे, बस. उद्या पहिल्या गाडीनं येते. आत तसं ठेवू आणि पावतीवर दिवस आधी छापू."

मंगळवारी ती खरंच पहिल्या गाडीनं आली. आठच्या आत यादी निघाली, आणि ह्या वेळी दीनानाथनं ती शब्द न् शब्द वाचली. अठ्ठाविसाचे, एकोणतिसाचे, सगळे आपापल्या जागी. साहेब म्हणाले, "फळ्यावर लावून टाका, यंत्र बिघडलं होतं म्हणा." मिताली म्हणाली, "माझ्या नावावर घाला, काका, मी तर जाणारच आहे." दोघांचंही सोपं होतं. दीनानाथ कागद घेऊन बाहेर आला आणि काट्याच्या कठड्यावर चढला. चौपन्न वर्षांचा माणूस, धोतराचे दिवस जाऊन पॅन्टवर आलेला, गुडघा धरून चढला.

"कालची यादी चुकली," तो म्हणाला. "यंत्रानं चूक केली नाही. यंत्राला तारीख समजू नये अशी व्यवस्था मी करून ठेवली. मला सांगितलं होतं, मला समजलं नाही आणि मी विचारलं नाही. तुमचा एक दिवस माझ्या पायी गेला."

मग बाबाराव पुढं आले.

"म्हंजे बाबू, तुमी खाल्लं नाई. तुमाले समजलं नाई."

"हो."

"हे बरं झालं," बाबाराव मागं वळून म्हणाले. "खानारा असता तं साहेबातला असता. न समजनारा आपल्यातलाच हाय. वाचा यादी!"

हसण्याची एक लाट रांगेतून नाल्यापर्यंत गेली. दीनानाथ वाचू लागला. पहिलं नाव, दुसरं नाव, हाकेसरशी "ओ" येत होती. सातवं नाव धरमसिंग आडे. ओ आली नाही. त्यानं पुन्हा वाचलं.

"गेला तो," बाबाराव म्हणाले. "तांबडं फुटाच्या आधी बैल जुपले. मी म्हटलं, थांब ना, येईन नंबर. काईच बोल्ला नाई. वाटेतल्या जिनिंगवाल्याले देऊन गेला असंन."

कडूनिंबाखाली विखुरलेला कडबा आणि चुलीचे तीन काळे दगड होते. दीनानाथनं आठवं नाव वाचलं.

तो आठवडा त्याला जड गेला. सगळी रांग निवळली, लोक परत "बाबू, बाबू" करू लागले, पण त्याच्या मनात एकच होतं: एकोणीस वर्षांच्या सोबत्याला वाटलं, दीनानाथनं नंबर विकला. दोनशे जणांना पटवून काय उपयोग? नऊ तारखेच्या रविवारी त्यानं रजा घेतली, दोन दिवसांच्या याद्या आणि पावत्यांच्या प्रती पिशवीत घातल्या, दारव्ह्याच्या गाडीत बसला, फाट्यावर उतरला आणि तांड्याकडं दोन मैल चालत गेला. वाटेत त्याच्या लक्षात आलं, धरमसिंगचं घर आपण कधी पाहिलंच नाही. त्याला बायको आहे हे माहीत, तिचं नाव सोनीबाई हेही माहीत, तिच्या हातची भाकर एकोणीस वर्षं खाल्ली, पण ती कशी दिसते ते माहीत नाही.

सोनीबाईनं त्याला ओळखलं मात्र लगेच. "बोरीचे बाबू ना, भिया? वयीवाले?" भावाला म्हणतात तसं भिया म्हणत तिनं खाटेवर गोधडी टाकली. धरमसिंग आतून आला, राम राम केला, आणि शेजारी उकिडवा बसला. दीनानाथनं पिशवीतून कागद काढले आणि खाटेवर पसरले. पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ समजावायलाच लागला.

"धरमसिंग, असं समज. बंड्या रांगेत लावायच्या आहेत. कोन आधी आलं ते पाह्यचं सोडून मी म्हटलं, बैलाचे शिंगं पाहा. आखूड शिंगाचा पुढं, लांब शिंगाचा मांगं. एक महिना सगळे बैल योगायोगानं बरोबर लागले. मग नवे आले, आखूड शिंगाचे..."

"मंग तं आमचा ढवळ्या पयलाच लागला असता," सोनीबाई चुलीपासून म्हणाली. "त्याचं तं एक शिंगच नाई!"

धरमसिंग हसला नाही. त्यानं खाटेवरची एक पावती उचलली, उलटीसुलटी पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं. पावती त्यानं जपून जिथली तिथं ठेवली.

"बाबू, हे सांगाले आले तुमी इतल्या दूर?"

"तुला वाटलं असेल, मी नंबर विकला."

"कोन म्हने?" धरमसिंगनं मान वर केली. "सारी लाइन म्हने, मी नाई म्हटलं. साठ बंड्या मांगं नेलं तुमी मले. तो मानूस नंबर इकते का?"

"मग गेलास कायले?"

धरमसिंगनं जमिनीवर काडीनं रेघ ओढली.

"अठ्ठावीसले आलो. एकोनतीसले भाकरीचं फडकं सोडून तुमची वाट पाहत बसलो, तीसले बसलो, एकतीसले बसलो. काचंतून तुमी दिसे. मी म्हटलं काम असंन. मंग त्या दिवशी तुमी मले पाह्यलं. चांगलं पाह्यलं, बाबू. आन् मान खाली घातली. मले वाटलं, आता या मानसाले आपली वळख नाई लागत. मंग कायले थांबू? नंबराले?"

दीनानाथजवळ ह्याचा कागद नव्हता. त्यानं पसरलेल्या याद्या गोळा केल्या, त्यांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. सोनीबाईनं दोन ताटल्या आणून ठेवल्या. दोघं जेवले. तुरीच्या सोल्यांची आमटी होती. धरमसिंगनं त्याला न विचारता दुसरी भाकर वाढली.

निघताना धरमसिंग फाट्यापर्यंत सोबत आला. वाटेत म्हणाला, "पुढच्या साली कपाशीची पऱ्हाटी लावत नाई. सोयाबीन पेरतो. ते दारव्ह्यालेच इकते."

"म्हणजे बोरीला येणार नाहीस."

"कायले येऊ?"

दोघं फाट्यावरच्या दगडावर बसले. गाडी यायला अर्धा तास होता. दीनानाथच्या डोक्यात दिवाळी येऊन गेली, डिसेंबर येऊन गेला, कडूनिंबाखालची मोकळी जागा येऊन गेली. शेवटी त्यानं विचारलं, "मग आपली भेट?"

धरमसिंगला हा सवालच नवा वाटला. "आज लाइन लागली होती का इथं?" तो म्हणाला. "आले ना तुमी? तसे या."

गाडी आली. धरमसिंगनं हात करून ती थांबवली, दीनानाथला दंडाला धरून वर चढवलं आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, "बोरीले उतरवून देजो बावा, झोप लागंन त्यायले!"

पुढचा रविवार उजाडला, रजा ह्याही वेळी घेतली होती. दीनानाथनं दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि स्टॅन्डवर येऊन उभा राहिला. दहाची गाडी आली, माणसं चढली, आणि तो खालीच राहिला. त्याला सुचेना, तिथं जाऊन सांगायचं काय. समजावायला कागद नव्हता, गैरसमज उरला नव्हता, काही काम म्हणून नव्हतं. आयुष्यात तो कोणाच्या दारी कामाशिवाय गेला नव्हता. गाडी धूळ उडवत निघून गेली. त्यानं टपरीवर चहा घेतला, परत खोलीकडं दहा पावलं गेला, थांबला, वळला. साडेअकराची गाडी आली तेव्हा तो पहिला चढला आणि खिडकीशी बसला.

कंडक्टर तोच होता. "तांड्याचा फाटा ना?" तिकीट फाडता फाडता त्यानं विचारलं, "काय काम काढलं बाबू, लागून दोन रविवार?"

"काम नाही," दीनानाथ म्हणाला. "जेवायला जाऊन राहिलो."